न सांगितलेला सॅल्यूट

काका जेवायचे ते उभ्यानेच. घरीसुद्धा. ताट डाव्या हातावर, पाठ भिंतीला, नजर सगळ्यांवर. पंचवीस-तीस वर्षं लग्नांची शूटिंगं केलेला माणूस. बसून जेवायची सवय त्यांना राहिलीच नव्हती. लग्नात शूटिंगवाला शेवटच्या पंगतीला, तोही कोपऱ्यात उभा राहून चार घास खातो आणि लाडू खिशात घालून परत स्टेजकडे पळतो. काकी म्हणायच्या, "बसा हो, इथे कुणी नवरी पळून नाही चालली." काका म्हणायचे, "सांगता येत नाही."

मी त्यांच्याकडे भाड्याने राहायचो. बुवापाड्यात पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ, मागच्या खोलीत मी, आणि वर पोटमाळ्यावर काका-काकी. माझं गाव किनवटच्या पलीकडे. शाळा नववीत सोडली, त्याची कारणं घरचे वेगळी सांगतात आणि मी वेगळी. एका गाववाल्याच्या ओळखीने इकडे आनंदनगर एमआयडीसीत सिक्युरिटी गार्ड म्हणून लागलो. गार्ड म्हणजे ज्याला बघून लोकांनी घाबरायचं तो. मी गेटवर उभा राहून स्वतःच घाबरायचो. ट्रकवाल्याने जोरात हॉर्न दिला की आधी सॉरी म्हणायचो आणि मग गेट उघडायचो. खोलीला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचो, चौकापर्यंत जायचो आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचो.

आल्याआल्या मला कावीळ झाली. काकींनी वीस दिवस मऊ भात आणि ताक दिलं. काका एजन्सीत जाऊन सांगून आले, "पोरगा आमच्या घरचा आहे, नाव कापू नका." घरचा वगैरे मी कुठला, तीन आठवड्यांची ओळख. पण त्या दिवसानंतर काकांनी मला विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर मी फक्त पाणी किती आहे एवढंच विचारलं असतं. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी मला लेफ्टनंट केलं.

काकांना साल लक्षात राहत नसे. माणसाचं वय ते लग्नावरून सांगायचे आणि लग्न कॅसेटवरून. "तो? तो व्हीएचएसचा आहे. त्याचा भाऊ सीडीचा. धाकटी बहीण आत्ता पेनड्राइव्हमध्ये झाली." बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत अर्धी माणसं त्यांच्यासमोर हार घालून गेलेली होती. रस्त्याने चालताना कुणाला हात केला की मला हळूच सांगायचे, "ह्याने सप्तपदीत पाच फेरे घेतले आणि बसला. दोन मी एडिटिंगमध्ये घातले."

कुणालाही ते 'पाहुणे' म्हणायचे. दूधवाला पाहुणा, पोस्टमन पाहुणा, लाईट कापायला आलेला माणूसही पाहुणा. आवाज मात्र असा, की 'पाहुणे, जरा बाजूला' म्हटलं की कुणीही बाजूला व्हायचं. आमदार बाजूला झालेला मी पाहिलाय.

हळूहळू त्यांच्याकडची लग्नं कमी झाली. आता ड्रोनवाली पोरं येतात, चार-चार कॅमेरे घेऊन. काकांना त्याचा राग नव्हता. त्यांचं दुखणं वेगळं होतं. एकदा जुन्या कॅसेटी पुसता पुसता म्हणाले, "एवढी लग्नं केली. इकडे बघा म्हटलं, बघितलं. हसा म्हटलं, हसले. आईला मिठी मार, रड थोडी, म्हटलं, रडल्या. मी सांगितल्याशिवाय माझ्या कॅमेऱ्यासमोर कधी कुणी काही केलंच नाही रे." मी "हो ना" म्हटलं. मला काय कळत होतं. पण त्यातूनच पुढे तो पिक्चर निघाला.

पिक्चर युद्धाचा. गोष्ट साधी: सीमेवरच्या एका चौकीवर एक कोवळा अधिकारी येतो. हाताखालचे जुने जवान त्याला मोजत नाहीत. मग लढाई होते, तो माघार घेत नाही, आणि शेवटी सगळे त्याला सॅल्यूट करतात. काकांनी हे उरलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहून काढलं होतं. त्यामुळे कुठलाही सीन उलटा धरला की मागे 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' असायचं.

"अधिकारी कोण?" काकींनी विचारलं.

काकांनी चमचा माझ्याकडे रोखला. मी मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता.

"ह्याला?" काकी म्हणाल्या. "हा झुरळ आलं तर मला हाक मारतो."

"म्हणूनच," काका म्हणाले. "मुहूर्ताला पंधरा मिनिटं उरली की नवरदेवाचं तोंड कसं होतं बघितलंयस? घाम फुटलेला, पळून जावंसं वाटतंय, पण पाय तिथंच. पहिल्या पोस्टिंगवरचा अधिकारी तसाच दिसणार. बाकीच्यांचं तोंड पंधरा मिनिटं तसं असतं. ह्याचं कायम."

त्या दिवसापासून मी 'नवरदेव' झालो. त्यांना लेफ्टनंट म्हणायची सवय लागेना. समोरासमोरच्या दोन सैन्यांनाही ते 'मुलाकडचे' आणि 'मुलीकडचे' म्हणायचे. शत्रू कुठल्या देशाचा हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "पाहुणे कुठून आले ते विचारू नये."

कपडे उल्हासनगरहून आणले. शाळांच्या गॅदरिंगला आणि बँडवाल्यांना पोशाख भाड्याने देणारा एक सिंधी दुकानदार काकांचा जुना दोस्त, सगळे त्याला साईंच म्हणायचे. तो म्हणाला, "साईं, मिलिट्री के आठ ही पीस हैं. दुश्मन के लिए बँड का लाल कोट ले जाओ, एकदम नया माल." तेव्हा आमचे शत्रू लाल कोटात, सोनेरी गोंड्यांसकट लढले. माझ्या खांद्यावरचे तारे मुंडावळ्यांच्या चंदेरी पत्र्यातून कापलेले. बॉम्ब म्हणजे स्टेजवर फुलं उडवायच्या नळ्या. फुलं काढली तरी आतली चमकी काही निघेना. आमच्या प्रत्येक स्फोटानंतर जखमींच्या केसांत चमकी चमकायची.

जवान कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. माझ्या एजन्सीचे गार्ड होते ना. रविवारी कंपन्यांचं पुढचं गेट बंद, त्यामुळे पुढच्या गेटवाल्यांना सुट्टी. सात जण जवान म्हणून आले, पाच जण शत्रू. वांगणीच्या मागच्या वाळक्या गवताच्या टेकडीवर आमची सीमा. पायथ्याशी एका रिकाम्या प्लॉटमध्ये आम्ही दोन रविवार लावून खंदक खणला.

सगळ्यात मोठी अडचण आली ती सॅल्यूटची. आणि ती आधी कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

गार्ड माणूस दिवसाला किती सॅल्यूट मारतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. गाडी आली की हात वर. गाडीत साहेब आहे का ड्रायव्हर एकटाच आहे, बघायचं नाही. ते मनगटातच बसलेलं असतं. पहिल्याच रविवारी लढाई ऐन रंगात असताना खालच्या रस्त्याने एक पांढरी गाडी फार्महाउसकडे गेली, आणि आमचे सातही जवान बंदुका खाली ठेवून ताठ उभे राहिले. शत्रूचे पाचही उभे राहिले. नुकताच मेलेला एक जण पडल्या पडल्या सॅल्यूट करून परत मेला. मीही केला. गाडी निघून गेल्यावर सगळे पुन्हा लढायला लागले.

काकांनी कॅमेरा बंद केला. खाली बसले. बराच वेळ गवताची काडी चावत राहिले, आणि मग म्हणाले, "आजपासून इथे कुणी सॅल्यूट करायचा नाही."

"शेवटी तर करायचाच आहे ना काका?" एकाने विचारलं.

"शेवटी पण मी सांगणार नाही. यायचा तेव्हा येईल. मी कॅमेरा लावून थांबतो."

"सांगा ना, मारतो. आमचं काय जातंय?"

"तेच तर," काका म्हणाले.

याचा अर्थ असा झाला की हे सात जण मला मनापासून मानत नाहीत तोवर पिक्चर संपणार नव्हता. तुम्ही माझी झोप कशी गेली असेल ते समजू शकता. एजन्सीत मी सगळ्यात नवा. हेच लोक मला चहा आणायला पिटाळायचे. त्यातही हवालदारमामा. ते खरोखरचे फौजेतले, सतरा वर्षं नोकरी करून निवृत्त, खेडकडचे. गार्डाची टोपीसुद्धा अशी घालायचे की बघणाऱ्याने आपली टोपी नसली तरी डोक्याला हात लावावा. मी "जवान, पुढे चला" म्हणालो की ते जागचे हलायचे नाहीत.

"मामा, उठा ना," मी हळूच म्हणायचो.

"विनंती करतोयस की हुकूम देतोयस?"

"तुम्हाला जे बरं वाटेल ते."

सगळी पलटण हसायची. काका शांतपणे शूट करत राहायचे. एकदा मी त्यांना म्हणालो, दुसरा कुणी घ्या, माझ्यामुळे तुमचं काम अडतंय. तर म्हणाले, "मांडवातून नवरदेव बदलत नाहीत." आणि त्यांनी मामांकडे पाहिलं, तर मामा सरळ म्हणाले, "सॅल्यूट वर्दीला असतो, शूटिंगवाले. ह्याच्या खांद्यावर मुंडावळ्या आहेत. मी काय ह्याला सॅल्यूट मारायचो नाही. पिक्चरात नाही, बाहेर तर नाहीच नाही."

"मारू नका," काका म्हणाले. "मी कुठे सांगतोय?"

असे पाच रविवार गेले. दर वेळी शेवटचा सीन लावायचा. मी धुळीने माखून टेकडीवरून खाली यायचो, पलटण समोर उभी राहायची, काका कॅमेरा चालू ठेवून थांबायचे. दोन मिनिटं. पाच मिनिटं. कुणीतरी मान खाजवायचं. कुणाला शिंक यायची. काका म्हणायचे, "चला, पुढच्या रविवारी."

सहाव्या रविवारी लढाईचाच एक सीन राहिला होता. मी खंदकाच्या काठावर उभं राहून टेकडीकडे बोट दाखवायचं, बस. काकांनी मला बजावलं होतं, "मी थांबा म्हणेपर्यंत हलायचं नाही. बॉम्ब पडो, काहीही पडो." मी बोट दाखवलं, आणि त्याच वेळी पांढरी गाडी थेट प्लॉटमध्येच येऊन थांबली. दार उघडून उतरले ते आमच्या कंपनीचे साहेब. ज्यांच्या गेटवर मी रोज उभा असायचो ते. प्लॉट त्यांचा निघाला.

बाराच्या बारा हात वर गेले.

माझा गेला नाही. लोक नंतर यावरून काय काय बोलले, म्हणून खरं ते सांगून टाकतो. धैर्य वगैरे काही नव्हतं. मला साहेबांची भीती वाटत होती आणि काकांचीही वाटत होती, आणि दोन्ही भीतींच्या मध्ये माझा हात टेकडीकडे बोट दाखवत अडकला होता.  

"हे कोणी खणलं?" साहेब म्हणाले. मग माझ्याकडे निरखून बघत, "तू आपल्या गेटवरचा ना रे?"

"हो साहेब." मी टेकडीकडे बघत.

"मग तिकडे काय बघतोयस? मी इथे आहे."

"काकांनी अजून थांबा म्हटलेलं नाही साहेब."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात कॅमेऱ्याला डोळा लावलेले काका वर न बघताच म्हणाले, "पाहुणे, फ्रेममधून जरा बाजूला."

आणि साहेब बाजूला झाले. माझी शपथ. दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, आणि मग आपण का सरकलो हे लक्षात आल्यासारखे त्यांचे कान लाल झाले. खंदक बुजवून द्यायला सांगून ते निघून गेले. आम्ही बुजवून दिला.

माती ओढता ओढता मामांनी विचारलं, "हात का नाही उचललास?"

"काका थांबा म्हणाले नव्हते."

"भीती नाही वाटली?"

"अजून वाटतेय मामा."

मामा फावडं टेकवून माझ्याकडे बघत राहिले, मग पुन्हा माती ओढायला लागले.

मंगळवारी एजन्सीच्या सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. "साहब बोले, फ्रंटला जरा अ‍ॅक्टिव्ह माणूस पाहिजे. तू उद्यापासून मागच्या गेटला." मागचं गेट म्हणजे भंगाराचं. तिथे साहेब नाही, गाडी नाही, गंजलेले ड्रम आणि दोन कुत्री. माझ्यासारख्याला ही शिक्षा म्हणजे खरं तर बक्षीसच. फक्त एक गोष्ट होती. भंगाराचे ट्रक रविवारी भरतात. मागच्या गेटवाल्याची सुट्टी बुधवारी.

म्हणजे पिक्चर संपला. नवरदेवच नाही तर मांडवात काय करायचं.

तीन दिवस मला काकांना सांगायचा धीर झाला नाही. ते पत्रिकांवर शेवटचा सीन पुन्हा पुन्हा लिहीत होते आणि मी मागच्या खोलीत कुलूप ओढून बघत होतो. शुक्रवारी सांगितलं. काकांनी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली आणि पुसतच राहिले. "तुझी नोकरी गेली नाही ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यावर "बरं झालं" म्हणाले, पण आवाज लग्नातला नव्हता. काकींनी मला खुणेने आत जायला सांगितलं.

शनिवारी ड्युटी सुटताना हवालदारमामा मागच्या गेटवर आले. "उद्या इथे मी उभा राहतो. तू जा वांगणीला. सुपरवायझरला सांगितलंय."

मला आधी कळेचना. "पण मामा, उद्या शेवटचा सीन. तुम्ही पाहिजेत ना."

"सहा जण आहेत की."

"काका तुमच्याच सॅल्यूटसाठी थांबलेत."

"थांबू देत. मी सांगितलंय ना, मी तुला सॅल्यूट मारायचो नाही." आणि मग ड्रमांकडे बघत म्हणाले, "लोकांचे ट्रक नंबर नीट लिहितोस ना? पान कोरं सोडायचं नाही. जा आता."

रविवारी वांगणीला मी टेकडीवरून खाली आलो. समोर सहा जवान. काका कॅमेऱ्यामागे थांबले. सहा जणांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मामांची जागा मोकळी होती तिकडे पाहिलं.

"हवालदार कुठेत?" काकांनी विचारलं.

 मीच सांगितलं, मागच्या गेटला, माझ्या जागी. का गेले तेही सांगितलं, आणि काय म्हणाले तेही.

 काकांनी कॅमेरा स्टँडवरून काढला, पिशवीत घातला आणि स्कूटरला किक मारली. "बसा, नवरदेव."

वांगणीपासून आनंदनगरपर्यंत मी लेफ्टनंटच्या वेषात काकांच्या मागे बसून आलो. सिग्नलला एका रिक्षावाल्याने विचारलं, "भाऊ, नाटक कुठे आहे?"

मागच्या गेटच्या समोर, रस्त्यापलीकडे एक बंद टपरी आहे. काका तिच्या आडोशाला उभे राहिले. भर दुपार होती. गेटवर मामा एकटे. शेजारी प्लास्टिकची खुर्ची रिकामी, सावलीही होती तिकडे. पण मामा उन्हात, ताठ. बघायला कुणी नव्हतं. एक ट्रक आला, मामांनी नंबर लिहिला, ट्रक गेला, मामा पुन्हा जागेवर.  माझ्या जागी एवढं नीट मीसुद्धा कधी उभा राहिलो नव्हतो.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"गप," काका म्हणाले. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला होता. "सांगितलं की संपलं."

किती वेळ शूट केलं ते आठवत नाही. शेवटी कॅमेरा खाली घेतला आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. घामच असेल. "झालं," म्हणाले.

पिक्चर आम्ही बदलापूरच्या एका हॉलमध्ये पाहिला. हॉलचा मालक काकांचा व्हीएचएसमधला. सकाळचं लग्न उरकलं होतं, संध्याकाळचं यायचं होतं, मधल्या दोन तासांत मोठा पडदा रिकामा. गार्डांची बायकापोरं, काकी, उल्हासनगरचे साईं, सगळे लाल खुर्च्यांवर. एडिटिंगमध्ये काकांचा हात सवयीने चाललेला. मी जखमी होतो तेव्हा पडद्यावर डावीकडून गुलाबाच्या पाकळ्या येतात. शहीद जवानाचं तोंड बदामाच्या आकारात बंद होतं. माझा पहिला हुकूम ऐकून हॉलभर हशा पिकला आणि साईंच्या सुनेने विचारलं, "ये कॉमेडी है क्या?" मी खुर्चीत जेवढं खाली सरकता येतं तेवढं सरकलो.

शेवटी मी टेकडीवरून खाली येतो, थांबतो, समोर बघतो. आणि मग एकदम चित्र बदलतं. गंजलेल्या ड्रमांपाशी, भंगाराच्या गेटवर, एक म्हातारा वॉचमन उन्हात उभा. आवाज नाही, पाकळ्या नाहीत. तो फक्त उभा आहे. बराच वेळ. मग 'समाप्त'.

लोकांना काहीच कळलं नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्या पिक्चरचा तुकडा घुसला. पण आमची पलटण बसली होती ती सगळी ओळ मामांकडे बघत होती.

लाईट लागल्यावर हवालदारमामा उठून काकांपाशी गेले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं आता भांडण होणार, आणि मी नेहमीप्रमाणे दोघांच्या मध्ये कुठे उभं राहायचं हे ठरवायला लागलो.

"माझी टोपी वाकडी होती," मामा म्हणाले. "एवढ्या लोकांसमोर. सांगायचं तरी."

"सांगितलं असतं," काका म्हणाले, "तर सरळ केली असती तुम्ही."

मामा पडद्याकडे वळले. मग पुढच्या रांगेतली खुर्ची ओढून बसले.

"तेवढंच परत लावा," म्हणाले.